फोन कंपनीचा, मग पाळी कुणाची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कामाची वेळ संपल्यावर आलेला कंपनीचा फोन न उचलण्याचा हक्क नोकरदाराला मिळावा, यासाठी खासदार सुप्रिया सुळे यांनी डिसेंबर २०२५ मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडलं. तेव्हापासून जिथं विषय निघतो तिथं दोन तट पडतात. एक म्हणतो, सहा वाजले की फोन बंद. दुसरा म्हणतो, असले लाड केले तर कारखाने चालायचे कसे? मी शिरोलीच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या गुणवत्ता विभागात काम करते. कंपनीचा फोन घरात आणि घराबाहेर बरीच वर्षं वागवते आहे. मला यातलं एकही म्हणणं पूर्ण पटत नाही, म्हणून हे पत्र.

विधेयकाकडे डोळे लावून बसण्यात अर्थ नाही. याच विषयावरचं विधेयक सुळे यांनी २०१८ च्या अखेरीसही मांडलं होतं, आणि खासगी सदस्याचं, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराचं, विधेयक संसदेत मंजूर होऊन कायदा झाला तो शेवटचा १९७० साली. स्वातंत्र्यानंतर अशी विधेयकं मंजूर झाली एकूण चौदा. तेव्हा दिल्लीतून काही येईल ते येईल. मुद्दा आपापल्या कारखान्यात सुटण्यासारखा आहे आणि तिथंच तो कुणी काढत नाही.

आमच्याकडे एसजी आयर्नचं, म्हणजे आत गोल ग्राफाइट असलेल्या लोखंडाचं, ओतकाम चालतं. ज्यांना हा धंदा ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. भट्टीतला धातू लॅडलमध्ये, म्हणजे ओतायच्या भांड्यात, घेऊन त्याला मॅग्नेशियमची ट्रीटमेंट देतात. ती झाली की आठ-दहा मिनिटांत तो साच्यात गेला पाहिजे. उशीर झाला तर मॅग्नेशियम उडून जातं, आतलं ग्राफाइट गोल राहत नाही, आणि कास्टिंग वरून कितीही देखणं दिसलं तरी ग्राहकाकडे जाऊन तडकतं. त्यामुळे रात्री साडेअकराला स्पेक्ट्रोवरचा, म्हणजे धातूत काय किती आहे ते दाखवणाऱ्या यंत्रावरचा, पोरगा जेव्हा विचारतो, ‘मॅडम, सिलिकॉन वर गेलंय, हीट सोडू का धरू?’ तेव्हा त्याला ‘माझी वेळ संपली, सकाळी बोलू’ असं सांगता येत नाही. हीट म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवलेला धातू, आणि साडेचौदाशे अंशांच्या आसपास तापलेला धातू सकाळची वाट बघत नाही. तो फोन मी उचलते आणि त्याबद्दल माझी काही तक्रारही नाही. दोन मिनिटांचं बोलणं असतं. काय ओतायचं, काय परत भट्टीत टाकायचं, ठरतं आणि संपतं.

वैताग आहे तो त्याच्या आगेमागे येणाऱ्या फोनांचा. डिस्पॅचवाल्याला पीडीआय रिपोर्टची, म्हणजे माल पाठवण्याआधीच्या तपासणीची, फाइल सापडत नाही. खरेदी विभागाला उद्याच्या ऑडिटला चहा किती सांगायचा ते आत्ता हवं असतं. साहेबांना जेवताना काहीतरी आठवतं आणि ते ग्रुपवर एक्सेलचा फोटो टाकून खाली ‘प्लीज सी’ एवढंच लिहितात. फोटो तिरका, आकडे पुसट, आणि नेमकं काय ‘सी’ करायचं ते कुणालाच कळत नाही. तरी आठ जण अंगठा दाखवून मोकळे होतात. हीटचा फोन आणि हा फोन, दोघांची रिंगटोन एकच. त्यामुळे दोन्हीसाठी हात ओला असला तरी पदराला पुसून धावावं लागतं.

कारखान्यात यंत्राचं असं होत नाही. भट्टीवरचा ऑपरेटर पाळी संपली की चार्ज देतो. भट्टीत धातू किती शिल्लक आहे, लायनिंगवर, म्हणजे भट्टीच्या आतल्या अस्तरावर, किती हीट झाल्या, कोणता पॅटर्न लागलाय, हे वहीत लिहितो, पुढच्याची सही घेतो, हातपाय धुतो आणि मोटारसायकलला किक मारतो. घरी गेल्यावर त्याला भट्टीबद्दल कुणी विचारत नाही, कारण त्या वेळी ती दुसऱ्याच्या ताब्यात असते. फोनही यंत्रच आहे. त्याच्या पेटीवर कंपनीच्या मालमत्तेचा नंबर चिकटवलेला आहे. पण या एकाच यंत्राला पाळी नाही, वही नाही, चार्ज नाही. माझं म्हणणं एवढंच: फोन बंद करायचा हक्क नंतर बघू, आधी फोनला पाळी लावा.

यात पैशाचाही प्रश्न आहे आणि तो लपवण्यात हशील नाही. कारखाने अधिनियम १९४८ पासून जादा तासांना दुप्पट दर आहे. २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झालेल्या नव्या श्रमसंहितांतही तो आहे. पण तो ‘कामगारा’ला. व्यवस्थापनात काम करणारे आणि महिना १८,००० रुपयांवर वेतन घेणारे पर्यवेक्षक त्या व्याख्येत बसत नाहीत. कंपनीचा फोन मात्र नेमका याच लोकांच्या खिशात असतो. म्हणजे ज्याचा जादा वेळ मोजला जातो त्याला फोन नाही, आणि ज्याला फोन आहे त्याचा वेळ कुणी मोजत नाही. मालकाच्या बाजूनं बघितलं तर याहून स्वस्त तिसरी पाळी मिळायची नाही.

घरात हा फोन काय काय होऊन बसतो, तेही सांगते. सुरुवातीला तो कामाचाच असतो. मग त्याचा कॅमेरा घरच्या फोनपेक्षा चांगला निघतो, म्हणून गणपतीचे फोटो त्यावर. डेटा कंपनीचा, म्हणून मुलीच्या शाळेचा ग्रुप त्यावर. नंबर बंद पडण्याची भीती नाही, म्हणून गॅसचं बुकिंग, बँक, विमा, सगळीकडे तोच नंबर. आधारलासुद्धा. आणि एक दिवस माणूस नोकरी सोडतो.

आमच्या प्लॅनिंगमधल्या एका सहकाऱ्यानं चाकणला चांगली नोकरी मिळाली म्हणून राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी ओळखपत्र, सेफ्टी शूज, फोन आणि सिम जमा करून पोचपावती घेतली. पुढच्या आठवड्यात तेच सिम नव्या मुलाला मिळालं. बिचाऱ्याच्या फोनवर पहिल्याच संध्याकाळी मेसेज: ‘येताना दळण आणा. आणि आईंची बीपीची गोळी.’ दुसऱ्या दिवशी त्याला दुसऱ्याच्या बँकेचे ओटीपी यायला लागले. मुलगा सरळ, म्हणून त्यानं आणून दाखवलं. नसता आणला तर? जुन्या सहकाऱ्याला चाकणहून रजा टाकून येऊन बँकेत आणि आधार केंद्रात रांगा लावाव्या लागल्या. या प्रकारात दोष कुणाचा, यावर आमच्या कँटीनमध्ये दोन दिवस चर्चा रंगली. मला विचाराल तर फोन देताना कंपनीनं एक ओळ लिहून द्यायला हवी होती: हा नंबर खुर्चीचा आहे, तुमचा नाही, यावर घरचं खातं जोडू नका. एक ओळ. कागदाचा खर्चही नाही.

अँड्रॉइड फोनवर कामाची वेगळी प्रोफाइल करता येते. कामाच्या अ‍ॅपवर छोट्या ब्रीफकेसची खूण दिसते, आणि ती सगळी अ‍ॅपं एका बटणानं थांबवता येतात. घरचे फोटो, घरचे मेसेज दुसऱ्या कप्प्यात राहतात, तिकडे कंपनीनं बघायचं नाही. ही सोय आली २०१४ मध्ये. ती कुणी लावून दिलेली मी आमच्या औद्योगिक वसाहतीत अजून पाहिलेली नाही. उलट पूर्ण फोन कंपनीच्या ताब्यात घेणारं सॉफ्टवेअर टाकून देतात, म्हणजे फोन हरवला तर लांबूनच सगळं पुसता येतं. हे ठीक आहे, ड्रॉइंग ग्राहकाची असतात. पण त्याबरोबर मुलीचा स्नेहसंमेलनातला नाचही पुसला जाणार, हे फोन हातात ठेवताना सांगत जा की.

आता परदेश. गुणवत्ता विभागाचा माणूस परदेशी जातो तेव्हा तो बहुतेक वेळा फिरायला किंवा प्रदर्शनाला जात नाही. माल तिकडे पोहोचलेला असतो, त्यात ब्लो होल, म्हणजे वायूमुळे पडलेली भोकं, निघालेले असतात, आणि ग्राहकाची लाइन थांबू नये म्हणून एकेक नग तपासून चांगला-वाईट वेगळा करायला आपल्याला पाठवतात. मी अशीच जर्मनीत गेले होते. हिवाळा होता. तेव्हा त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागं असतं. कोल्हापुरातली सकाळी आठची उत्पादन बैठक म्हणजे तिथं पहाटेचे साडेतीन. हॉटेलच्या खोलीत, अंगावर गाद्यांसारखी ती पांघरुणं, बाहेर काळोख, आणि स्पीकरवर शिरोलीची मीटिंग: ‘मॅडम तिकडं निवांत हायत, त्यास्नी विचारा.’ मग दिवसभर गेज घेऊन उभ्यानं काम. संध्याकाळी सहाला आटपलं की इथं साडेदहा वाजलेले, रात्रपाळीचे फोन सुरू. दोन्हीकडच्या पाळ्या एकाच माणसावर. इथं असताना निदान झोपेच्या वेळा तरी सगळ्यांच्या एक असतात.

ग्राहकाच्या गेटवर सुरक्षारक्षकानं आधी फोन मागितला आणि पुढच्या-मागच्या दोन्ही कॅमेऱ्यांवर रंगीत स्टिकर चिकटवले. तिथल्या वाहन उद्योगात ही सर्रास पद्धत आहे. बाहेर पडताना स्टिकर जागेवर आहे का ते बघतात. हे मी आमच्या ग्रुपवर लिहून टाकलं. तरी दर तासाला निरोप: ‘डिफेक्टचा फोटो टाका’, ‘फोटो आला नाही’, ‘फोटोशिवाय कसं समजणार’. शेवटी मी वहीत पेनानं आकृती काढली, भोक कुठल्या कडेला आहे ते बाणानं दाखवलं, आणि दुपारी गेटबाहेर जाऊन, स्टिकर काढून, त्या पानाचा फोटो पाठवला. परत आत जाताना नवा स्टिकर. रक्षक दुसऱ्या वेळी हसला. आकृती बघून आमच्या मोल्डिंगच्या फोरमननं व्हेंट, म्हणजे साच्यातला वायू बाहेर जायची वाट, बुजलंय हे तिथल्या तिथं ओळखलं. फोटोनं ओळखलं असतं की नाही, शंका आहे.

रोमिंगची रडगाणी प्रत्येक कंपनीत आहेत, म्हणून थोडक्यात. पॅक चालू करायचा तो कंपनीच्या खात्यातून, त्याची मंजुरी ज्याच्याकडे तो रजेवर. फ्लाइट मोड न लावता झोपलं तर फोन विमानातलंच नेटवर्क पकडतो, आणि देशाच्या साध्या पॅकमध्ये सहसा ते धरलेलं नसतं. युरोपीय संघात १५ जून २०१७ पासून एका देशाचं सिम दुसऱ्या देशात घरच्याच दरानं चालतं, हे ऐकून आमचे एक जण फ्रँकफर्टला सिम घेऊन निर्धास्त झुरिकला निघाले. स्वित्झर्लंड संघात नाही. बाझलच्या पुढं नकाशा गोठला. दुबईला विमान बदलताना विमानतळाच्या वायफायवरून व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज जातो, पण कॉल लागत नाही, कारण तिथं इंटरनेटवरच्या अशा कॉलवर बंधनं आहेत. आणि इकडे साहेबांना वाटतं मुद्दाम उचलत नाही. भारतीय सिम काढून स्थानिक सिम घातलं की बँकेचा ओटीपी येत नाही. त्यात दूरसंचार विभागानं नोव्हेंबर २०२५ मध्ये मेसेजिंग अ‍ॅप फोनमधल्या सिमशी सतत जोडलेलं असावं असा आदेश काढला आहे, म्हणजे प्रवासात भारतीय सिम काढून ठेवायची सवय सोडावीच लागणार. दोन सिम किंवा ई-सिम असलेला फोन देणं हाच त्यावर उपाय. अमेरिकेत जाणाऱ्यांचं आणखी एक आहे: तिथं विमानतळावर सीमाशुल्क अधिकारी वॉरंटशिवाय फोन तपासू शकतात. त्यात ग्राहकाची गोपनीय ड्रॉइंग असली तर पासकोड सांगायचा का, कुणाला कळवायचं, हे जाणाऱ्यानं रांगेत उभं राहून ठरवायचं का?

माझ्या परिचयातल्या एकाला परतल्यावर रोमिंगचं मोठं बिल दाखवून त्याच्या पगारातून हप्ते कापले. पगारातून काय कापता येतं याची यादी कायद्यात आहे, आणि नुकसानीपोटी कापायचं तर आधी त्या माणसाचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. त्याला कुणी विचारलंच नाही, आणि परदेशवारी पुन्हा मिळणार नाही या भीतीनं तोही बोलला नाही.

‘सहाला फोन बंद’ म्हणणारे फ्रान्सचा दाखला देतात. १ जानेवारी २०१७ पासून तिथं लागू झालेला नियम असा आहे की ५० किंवा अधिक माणसं असलेल्या कंपनीनं या विषयावर कर्मचाऱ्यांशी वाटाघाटी करायच्या. सहा वाजता फोन बंद असं त्यात कुठंच नाही. ऑस्ट्रेलियात २६ ऑगस्ट २०२४ पासून माणूस फोन नाकारू शकतो, पण नकार वाजवी हवा. आणि तो वाजवी आहे का हे ठरवताना बघतात की फोन कशासाठी केला, त्या माणसाचं पद काय, आणि वेळेनंतर उपलब्ध राहण्याचे त्याला पैसे मिळतात का. हे शेवटचं आपल्याकडच्या चर्चेत कुणी उच्चारत नाही. जर्मनीत फोक्सवागननं २०११ मध्ये कामगार प्रतिनिधींशी बोलून ठरवलं की पाळी संपल्यावर अर्ध्या तासानं कंपनीच्या ब्लॅकबेरी फोनवर ईमेल जाणं थांबवायचं आणि पुढची पाळी सुरू व्हायच्या अर्धा तास आधी पुन्हा सुरू करायचं. कॉल मात्र चालू होते. डाइमलरनं २०१४ मध्ये आणखी पुढं जाऊन रजेवरच्या माणसाला आलेला ईमेल आपोआप पुसून पाठवणाऱ्याला ‘याऐवजी यांना लिहा’ असं उत्तर द्यायची सोय केली.

‘याऐवजी यांना लिहा.’ मला हवं आहे ते हेच. आमचा जर्मन ग्राहक रजेवर गेला की त्याच्या ईमेलवरून तासाभरात उत्तर येतं: अमुक तारखेपर्यंत नाही, तोवर या बाईंशी बोला, हा त्यांचा नंबर. बाईंना खरंच सगळं माहीत असतं. आमच्याकडून उत्तर जातं ते ‘सर लग्नात आहेत, तरी बघतो म्हणाले.’

म्हणून मी आमच्याकडे मांडलेलं सांगते. गुणवत्ता विभागाचा एक फोन, एक नंबर, तोच स्पेक्ट्रोच्या भिंतीवर लिहिलेला. आम्ही चौघं पाळीपाळीनं तो घरी नेणार. ज्याच्याकडे तो, त्यानं रात्री-बेरात्री उचलायचाच, आणि दर रात्रीचा ठरलेला भत्ता त्याला. बाकीच्यांचे फोन त्या रात्री वाजले नाहीत तर कुणी भुवया उंचवायच्या नाहीत. सकाळी वहीत दोन ओळी: काय विचारलं, काय सांगितलं, आणि पुढच्याची सही. परदेशी गेलेला माणूस पाळीत धरायचा नाही. त्याच्याशी बोलायचं ते ग्राहकाच्या कामापुरतं, त्याच्या तिथल्या दिवसाच्या वेळेत, आणि इथून एकानंच. रोमिंगचा पॅक तिकिटाबरोबर काढायचा. एका बाजूला मावेल एवढाच मजकूर आहे.

मालकांनी वाचलं. माणूस वाईट नाही, स्वतः रात्री भट्टीवर उभा राहिलेला आहे. त्यांची पहिली हरकत अशी की ग्राहकाला ओळखीचा आवाज लागतो. मी म्हटलं, ग्राहकाला नव्वद टक्के वेळा रिपोर्ट लागतो, आवाज नाही. आणि कायम एकच आवाज लागत असेल तर तो आजारी पडल्यावर कंपनी काय करणार? यावर ते काही बोलले नाहीत, पण ‘चौघांना सगळं शिकवावं लागेल’ असं पुटपुटले. ते खरं आहे. लागेलच.

दुसरी हरकत अकाउंट्सची, आणि सध्या गाडी तिथंच अडली आहे. कंपनीनं फोन दिला, त्याचं बिल भरलं तर प्राप्तिकराच्या नियमांत ते कर्मचाऱ्याचं उत्पन्न धरत नाहीत. भत्ता दिला तर मात्र तो पगारात धरला जाणार, त्यावर कर लागणार, आणि तो कुठल्या शीर्षाखाली दाखवायचा हे त्यांना सुचत नाही. मी सांगितलंय की ‘रात्रीचा फोन’ असंच लिहा, कर कापून द्या. इतर कुठल्या कारखान्यात हे शीर्ष आधीच वापरात असेल, तर तिथल्या वाचकांनी आपल्या याच सदरातून कळवावं, म्हणजे मला तो अंक अकाउंट्सच्या टेबलावर नेऊन ठेवता येईल.

आपली,
एक वाचक,
शिरोली, जि. कोल्हापूर

(नाव छापू नये, ही विनंती.)